डाव्या पारड्याखालची कडी

जुना म्हणा, म्हातारा म्हणा, मी तराजू आहे, मित्रांनो. मधोमध काटा असलेली लोखंडी दांडी आणि दोन बाजूंना साखळ्यांनी टांगलेली दोन पितळी पारडी, एवढाच माझा संसार. मला बोलता येत नाही. जे खरं असेल ते काट्याने दाखवायचं आणि गप्प राहायचं, हाच माझा धर्म. पण एका गोष्टीबद्दल गप्प राहवत नाही. त्या दिवशी माझ्यामुळे एका मुलीचं शिक्षण थांबणार होतं. ते ओझं मी आजही वागवतो आहे.

माझा जन्म कंधारचा. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लिंबाजी लोहाराची भट्टी होती. माझी दांडी त्याने सलग दोन दिवस ठोकली. हात भाजला तरी चुकारपणा केला नाही. देवणीचे दुकानदार गुरुपादप्पा मला न्यायला आले, तेव्हा लिंबाजी म्हणाला, "अप्पा, ह्याला पोटच्या पोरावानी जपा." गुरुपादप्पांनी शब्द पाळला. रोज सकाळी अंघोळ आणि लिंगपूजा झाली की ते आधी मला पुसत, मगच दुकानाची फळी उघडत. देवणीत माझा मोठा मान होता. लहान मूल गूळ आणायला आलं तरी बाया घरून बजावत, "अप्पाच्या तराजूवरूनच आण गं!" खोटं का बोलू, ऐकून मला फार बरं वाटायचं.

मग बहात्तर सालचा दुष्काळ आला. विहिरींनी तळ दाखवला, गोठ्यातल्या दावणी ओस पडल्या. देवणीची ती देखणी, ठिपक्यांची जनावरं चाऱ्यावाचून हाडांचा सापळा झाली. गुरुपादप्पांच्या दुकानात सरकारी लाल ज्वारी वाटपाला आली. लोक तिला मिलो म्हणत. दिवसभर खडी फोडून आलेली माणसं दारात रेटारेटी करत. अशाच एका रेट्यात मी आकड्यावरून निसटलो आणि उंबऱ्याच्या दगडावर आदळलो. डाव्या पारड्याच्या काठाचा तळहाताएवढा तुकडा उडाला आणि ते पारडं हलकं झालं. दारात दोनशे माणसं उपाशी उभी, दुरुस्तीला वेळ कुठला? गुरुपादप्पांनी तेवढ्याच वजनाची एक लोखंडी कडी शोधली आणि डाव्या पारड्याच्या खाली तारेने बांधली. काटा पुन्हा सरळ झाला.

अशा बांधलेल्या वजनाला पासंग म्हणतात. 'तो ह्याच्या पासंगालाही पुरत नाही' असं तुम्ही सहज बोलून जाता ना, तोच हा पासंग. लंगड्या तराजूचं ते औषध आहे. पण धडधाकट तराजूला चोरून बांधला, तर तोच पासंग विष होतो. आणि नुसतं बघणाऱ्याला औषध कुठलं आणि विष कुठलं, हे कळत नाही.

तसंच झालं. सरजाबाई नावाची एक मजूर बाई ज्वारी ओच्यात घ्यायला वाकली आणि तिला धान्याच्या पारड्याखालची कडी दिसली. ती किंचाळलीच, "आवं बघा, बघा! खाली लोखंड बांधलंय! गरिबाच्या घासात बी मारता व्हय, अप्पा?"

गुरुपादप्पा परोपरीने समजावत होते. पण भुकेल्या माणसांना ऐकायला कान कुठले? कुणी 'चोर' म्हणालं, कुणी खडा मारला. आयुष्यभर रत्तीभर कमी न दिलेला तो माणूस माझी दांडी धरून खाली बसला. त्यानंतर ते कधीच गादीवर बसले नाहीत. दोन वर्षांत गेले. लोकांनी त्यांना चोर ठरवलं ते माझ्या तुटक्या अंगामुळे, हे मी विसरलो नाही. त्यांचा मुलगा सिद्धराम त्या दिवशी पोत्यांमागे उभा होता. तोही विसरला नाही.

सिद्धराम पुढे शिक्षक झाले. देवणीपासून तीन कोसांवरच्या एका गावात त्यांना शाळा मिळाली आणि सामानाबरोबर त्यांनी मलाही तिथे नेलं. मला वाटलं, आता अडगळीत पडायचं. पण गुरुजींनी मला सातवीच्या वर्गात आकड्याला टांगलं आणि माझ्यावर चक्क बीजगणित शिकवायला घेतलं!

त्यांची रीत सोपी होती. पन्नास-पन्नास ग्रॅमची सारखी वजनं घ्यायची. त्यांतली काही थैलीत भरून तोंड बांधायचं. आत किती आहेत ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून थैलीचं नाव क्ष. डाव्या पारड्यात थैल्या आणि थोडी सुटी वजनं, उजव्यात नुसती सुटी वजनं. काटा सरळ झाला की गुरुजी विचारत, "बोला, थैलीत किती?" मुलं डावीकडचं एक वजन काढत आणि मी कलंडायचो. उजवीकडचं एक काढलं की पुन्हा सावरायचो. एका बाजूचं काढलं तर दुसऱ्या बाजूचंही तेवढंच काढायचं, हे त्या पोरांना पाठ करावं लागलं नाही. त्यांनी ते माझ्या अंगावर बघितलं. दुकानात मी धान्य तोललं, इथे मी डोकी तयार करत होतो. माझे ते सुखाचे दिवस होते.

त्या वर्गात पंचशीला नावाची मुलगी होती. बाप निवृत्ती विहिरी खणायला परमुलखात गेलेला. आई पारूबाई रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायची. पंचशीला बोलायची कमी, बघायची फार. एकदा ती सरळ माझ्या पोटाखाली वाकली आणि म्हणाली, "गुरुजी, ही कडी कशाला बांधलीया?"

 गुरुजींनी कडी सोडली की उजव्या पारड्याचं काय होतं ते दाखवलं. ते पारडं धपकन खाली गेलं. कडीच्या जागी त्यांनी डाव्या पारड्यात सुटी वजनं टाकली. बरोबर दोन वजनांनी काटा सरळ झाला.

"मंग कडी म्हंजी दोन वजनं," पंचशीला म्हणाली. "ती नसली तर डावीकडं दोन कमी हायेत असं धरायचं."

"अगं पोरी!" गुरुजी एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. दोनशे माणसांना जे समजावता आलं नव्हतं, ते ह्या बारा वर्षांच्या पोरीला न समजावता कळलं होतं.

शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा देवणीला, जाऊन-येऊन सहा कोस. पारूबाईने गुरुजींना स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "गुरुजी, एकट्या पोरीला रोज कोण धाडंल? कुठं ऱ्हायची सोय झाली तर शिकंल. न्हाई तर माझ्यासंग येईल कामावर."

ते ब्याऐंशी साल होतं. लातूर वेगळा जिल्हा झाला होता. शाळेच्या पाटीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' खरवडून गुरुजींनी स्वतःच्या हाताने 'जिल्हा लातूर' लिहिलं. त्या साली पावसाने पुन्हा दगा दिला होता, रस्त्याच्या कामावर माणसं वाढत होती. पण नव्या जिल्ह्याची एक चांगली बातमी आली. लातूरला मुलींच्या वसतिगृहात खेड्यातल्या हुशार मुली घेणार होते. आमच्या भागातून एकच मुलगी घ्यायची होती, आणि तिची निवड परीक्षा आमच्याच शाळेत ठरली. पंचशीलाला पुढे शिकायचं असेल तर ही एकच वाट होती. हे गुरुजींना माहीत होतं, पारूबाईला माहीत होतं आणि भिंतीवरून सगळं ऐकणाऱ्या मलाही.

परीक्षेच्या दिवशी गुरुजी सकाळीच आले. चिंच आणि राखेने त्यांनी माझी पारडी लखलखीत घासली. घासता घासता हात डाव्या पारड्याखाली गेला आणि तिथेच थांबला. नवा साहेब येणार, पहिल्यांदाच शाळा बघणार, आणि गुरुजींच्या तराजूला खाली लोखंड बांधलेलं! दहा वर्षांपूर्वीची ती किंचाळी त्यांच्या कानात वाजली असणार. गुरुजींनी तार सोडली, कडी काढून टेबलाच्या खणात टाकली आणि तुटका काठ भिंतीकडे वळवून दोन्ही पारडी बाकावर टेकवून ठेवली, म्हणजे मी लंगडा आहे हे दिसू नये. परीक्षा कागदावर होणार, आपला तराजू नुसता शोभेचा, असा त्यांचा हिशेब. मी आतून ओरडत होतो, गुरुजी, नका हो! लाजेपायी तुम्ही मला खरोखरच खोटा करताय. पण तराजूचं ओरडणं कोण ऐकणार?

विस्तार अधिकारी साहेब जीपमधून आले. चार गावांच्या मिळून सात मुली बाकांवर बसल्या होत्या. कागदावरची गणितं झाली. मग साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ते खूश झाले. "वा गुरुजी, तराजू आहेच की! मग शेवटचा प्रश्न ह्याच्यावरच घेऊ." त्यांनी पिशवीतून दोन शिवलेल्या थैल्या काढल्या. "ह्या लातूरहून शिवून आल्यात. दोन्हींत सारखीच वजनं आहेत, तुमच्याकडं आहेत तसलीच. आत किती, ते मलाही माहीत नाही."

 गुरुजी खणाकडे बघत होते, पण हात पुढे झाला नाही.

पारडी टेकलेली असतानाच साहेबांनी डावीकडे दोन थैल्या आणि तीन सुटी वजनं ठेवली. मला उचललं. उजवीकडे ते एकेक वजन टाकत गेले. नऊ झाली आणि माझा काटा सरळ उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो खोटं बोलला.

"एका थैलीत किती वजनं?" साहेबांनी विचारलं. सहा मुलींनी भराभर लिहिलं, तीन. पंचशीलाने आधी माझ्या डाव्या पारड्याखाली बघितलं. मग गुरुजींकडे. मग तिने लिहिलं, चार.

साहेब कागद बघत तिच्यापाशी थांबले. "नियम ठाऊक नाही का तुला? दोन्हीकडून तीन-तीन काढ. उजवीकडं किती उरली?"

"सा."

"थैल्या दोन. मग एकीत किती?"

"तीन येतात, साहेब. पर थैलीत चारच असतील." पंचशीलाने माझ्या डाव्या पारड्याकडे बोट केलं. "तराजू खोटा हाय. डावीकडं दोन वजनं कमी हायेत. रिकामा उचलून बघा."

 साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तुझ्या गुरुजींचा तराजू खोटा? काय हो गुरुजी, काय म्हणते ही?"

 गुरुजींना फक्त दोन पावलं टाकून खण उघडायचा होता. मित्रांनो, मी मणामणाची पोती तोलली आहेत, पण तो क्षण मला पेलवला नाही. गुरुजी खाली मान घालून म्हणाले, "न्हाई साहेब. तराजू... खरा आहे."

साहेबांनी लाल पेनने फुली मारली. कागद आणि थैल्या घेऊन जीप लातूरला गेली.

संध्याकाळी पारूबाई कामावरून थेट शाळेत आली. केसांत, भुवयांवर खडीची पांढरी धूळ. तिने लेकीला विचारलं, "झालं का गं बराबर?"

"शेवटचं चुकलं म्हणले साहेब," पंचशीला म्हणाली. "मी म्हणलं तराजू खोटा हाय. गुरुजी म्हणले खरा हाय."

मला वाटलं, आता ही माउली गुरुजींना चार शब्द सुनावणार. गुरुजींनाही तसंच वाटलं असावं, ते भिंतीला टेकून उभे होते. पण पारूबाईने पदराने लेकीचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "गुरुजी म्हणले म्हंजी खराच असंल, बाई. गुरुजी कशाला खोटं बोलतील? चल. उद्या माझ्यासंग ये कामावर."

ती शिवी देती तर बरं झालं असतं. गुरुजींनी खण उघडला आणि कडी बाहेर काढली. बापाला लोकांनी खोटं चोर ठरवलं, तेव्हा कुणी त्यांच्या बाजूने बोललं नव्हतं. आज एका लेकराला सगळ्यांसमोर खोटं ठरवलं होतं, आणि ठरवणारे ते स्वतः होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गुरुजी निघाले. मी त्यांच्या मांडीवर, कडी खिशात. नव्या जिल्ह्याची कचेरी अजून भाड्याच्या जागेत होती, उस्मानाबादहून आलेले फायलींचे गठ्ठे बांधलेलेच पडले होते. साहेब काही विचारायच्या आत गुरुजींनी मला खिडकीच्या गजाला टांगलं. माझं उजवं पारडं खाली गेलं. मग त्यांनी कडी डाव्या पारड्याखाली बांधली. काटा सरळ झाला.

"साहेब, मी काल खोटं बोललो. पोरगी खरं बोलली."

"पण का, गुरुजी? कडी बांधलेली असती तर काय बिघडलं असतं?"

"तुम्ही मला चोर म्हणाल, अशी भीती वाटली," गुरुजी म्हणाले. "माझ्या अप्पांना म्हणले होते." 

 साहेबांनी कपाटातून त्या दोन्ही थैल्या काढल्या आणि ब्लेडने शिवण उसवली. टेबलावर वजनं ओतली. चार. दुसरीतूनही चार. साहेबांनी सात कागद पुन्हा पुढे घेतले. तीन लिहिणाऱ्या सहा मुलींच्या कागदांवरही त्यांनी फुली मारली नाही. "त्यांना दाखवलेल्यावर त्यांनी बरोबर केलं," ते म्हणाले. पंचशीलाच्या कागदावरची फुली मात्र त्यांनी खोडली आणि शेजारी सही केली. बाकीची गणितंही तिचीच सगळ्यांत जास्त बरोबर होती, म्हणून यादीत तिचं नाव पहिलं आलं. मग ते हळूच म्हणाले, "गुरुजी, तुमचं हे मला वर लिहावं लागेल."

"ल्ह्या, साहेब. ल्ह्यायलाच पायजे."

पुढे गुरुजींना ताकीद मिळाली, वर्षाची पगारवाढ गेली. पण त्यांचं प्रायश्चित्त त्या कागदावर झालं नाही, ते त्याच दिवशी दुपारी झालं. एसटीतून उतरून गुरुजी शाळेत गेले नाहीत, घरी गेले नाहीत. मला खांद्यावर घेऊन, डोक्यावरच्या उन्हात सरळ रस्त्याच्या कामावर गेले. पन्नास-साठ माणसं खडी फोडत होती. त्यांत पारूबाई, आणि तिच्या शेजारी पंचशीला. लहान हातोडी घेऊन ती पोर दगड फोडत होती. हाताला चिंधी बांधलेली होती.

गुरुजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पारूबाई, तराजू खोटा होता. मी केला होता खोटा. अन् खोटं बी मीच बोललो. तुझी पोरगी एकटी खरं बोलली. तिचं नाव लागलंय लातूरला."

हातोड्या थांबल्या. कुणीतरी खाकरलं. पारूबाई गुरुजींकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग होता, पाणीही होतं.  तिने लेकीच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि म्हणाली, "ऊठ. हात धू."

पंचशीला उठली. जाताना ती माझ्याजवळ आली आणि माझ्या डाव्या पारड्याखाली हात घालून तिने कडी चाचपून बघितली.

त्याला आता चाळीस वर्षं झाली. शाळेत आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आला, आणि मी खेळाच्या सामानाच्या खोलीत फाटक्या जाळ्यांखाली गेलो. साखळ्या गंजल्या. कडी मात्र आहे, गुरुजींनी ती जाड तारेने पक्की केली होती. मला लखलखीत करा असा माझा हट्ट नाही, मित्रांनो. थोडं तेल द्या, कोरड्या जागी ठेवा. पण ती कडी विद्रूप दिसते म्हणून काढू नका. आणि तुमच्या वर्गात कधी सगळ्यांपेक्षा वेगळं उत्तर कुणी सांगितलं, तर फुली मारायच्या आधी त्याला एकदा विचारा, "तुला काय दिसलं?" आमच्या वर्गात त्या दिवशी कुणी एवढं विचारलं असतं, तर त्या पोरीने दगड फोडला नसता.